अनुभव धागा: मांजराचं पोट आणि आपल्या ताटातलं खाणं

आपलं जेवण खाऊन मांजर आजारी पडल्याचे अनुभव इथे लिहा. काय खाल्लं, त्रास कधी सुरू झाला, डॉक्टरांनी काय केलं, हे जरूर सांगा. एक कळकळीची विनंती: माणसांचं कुठलंही औषध देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.

कणकवली
शेजारी लग्न होतं. आमच्या बोक्याने दोन-तीन दिवस मटणाच्या रश्श्यातल्या खरकट्यावर ताव मारला. एकदा ओकला आणि पुन्हा हुंदडायला लागला, म्हणून सगळे निर्धास्त. पुढे तीन-चार दिवसांनी कोपरा धरून बसला, पायरी चढताना धापा टाकायला लागला, लघवी लालसर-तपकिरी. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या भिजवलेल्या पोह्यांसारख्या पांढऱ्या! कांदा-लसणातले गंधकाचे घटक मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवून, वाळवून, पावडर करूनही ते जात नाहीत. किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदा त्रासाला पुरतो, म्हणजे ४ किलोच्या बोक्याला २० ग्रॅम. आपल्या वाटणात तेवढा सहज असतो. ऑक्सिजन, सलाईन, मग हळूहळू सावरला. ‘एकदाच ओकला, आता ठीक आहे’ यावर कृपया विसंबू नका. आठवडाभर हिरड्या बघत राहा.

पुणे, सदाशिव पेठ
आमच्याकडे दूध-पोळीचा प्रकार. सासूबाई प्रेमाने कुस्करून घालायच्या आणि मनीला सतत पातळ शी. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते. दूध थांबवलं, जुलाब थांबले. सासूबाईंना वाईट वाटलं, पण आता त्याच तिला उकडलेल्या चिकनचे तुकडे मोडून देतात.

नागपूर
शिजवलेलं कोंबडीचं हाड. शी होईना, कुंथत बसायची. एक्स-रेमध्ये हाडाचे तुकडे दिसले. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं, एवढं लक्षात ठेवा.

ठाणे
मला लंघनाबद्दल लिहायचं आहे. आमची मांजर गुबगुबीत. तळणीतलं काहीतरी पळवलं आणि उलट्या सुरू झाल्या. घरात सगळ्यांचं एकच मत: पोटाला विश्रांती द्या, राहू दे उपाशी. उलट्या थांबल्या तरी ती खाईना, दोन दिवस उलटले. मग कानांची आतली बाजू पिवळी दिसली. मांजर, त्यातून जाड मांजर, खाणं सोडतं तेव्हा अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृतच बंद पडायला लागतं. नळीने अन्न घालावं लागलं, कितीतरी दिवस. माणसाला लंघन मानवत असेल, मांजराला नाही. चोवीस तास खाल्लं नाही तर दवाखाना गाठा. पिल्लू असेल तर त्याआधीच.

मालवण
आमच्याकडे मासे रोजचेच. मग बोक्याला द्यायचे तरी कसे?

कणकवली
मीठ-मसाला न लावता उकडून, काटे काढून, अधूनमधून थोडेच. कच्चे रोज नकोत, काही माशांमुळे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. आणि सुकटीची चटणी अजिबात नको, तिच्यात लसूण असतो.