स्वादुपिंडाच्या दाहानंतर कुत्र्याचा आहार: उपास, स्निग्धांश आणि पुढची काळजी

प्रश्न: पाऊलवाट

नमस्कार. आमचा मोती ९ वर्षांचा, १२ किलो वजनाचा कॉकर स्पॅनियल आहे. त्याला अचानक सतत उलट्या होऊ लागल्या, तो पोटाला हात लावू देईना आणि पुढचे पाय व छाती जमिनीला टेकवून मागचा भाग उंच ठेवून बराच वेळ तसाच थांबू लागला. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा तीव्र दाह, म्हणजे अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस, असे निदान केले. सलाईन, उलटी थांबवणारी औषधे आणि वेदनाशामके देऊन त्याला घरी पाठवले आहे. उलट्या आता थांबल्या आहेत, परंतु तो वाडग्याजवळ जातो, वास घेतो आणि तोंड फिरवून परत जातो.

डॉक्टरांनी थोडे थोडे खाणे लगेच सुरू करण्यास सांगितले आहे. उलट, अनेक वर्षे कुत्रे पाळलेल्या काही परिचितांचे म्हणणे असे, की स्वादुपिंडाला विश्रांती मिळावी म्हणून आणखी दोन-तीन दिवस त्याला उपाशीच ठेवावे. यांतील योग्य काय? शिवाय कमी स्निग्धांशाचे खाद्य निवडताना पाकिटांवरील आकड्यांचा अर्थ लागत नाही: एकावर ४ टक्के लिहिलेले असते, दुसऱ्यावर १० टक्के. ज्यांनी असे आजारपण जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: शुश्रूषा

मी लहान प्राण्यांवर उपचार करणारी पशुवैद्य आहे. मोतीला मी तपासलेले नाही, त्यामुळे औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांकडेच राहतील. मात्र उपाशी ठेवण्याच्या प्रश्नावर तुमच्या डॉक्टरांचेच म्हणणे योग्य आहे आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

स्वादुपिंडात तयार होणारी पाचक एन्झाइम्स तेथे निष्क्रिय रूपात साठवलेली असतात आणि लहान आतड्यात पोहोचल्यावरच कार्यरत होतात. या आजारात ट्रिप्सिन हे एन्झाइम ग्रंथीच्या आतच कार्यरत होते, ते इतर एन्झाइम्सनाही चालना देते आणि ग्रंथी स्वतःचीच हानी करू लागते. अन्न दिले की एन्झाइम्सचा स्राव वाढेल आणि दाह भडकेल, अशा विचाराने पूर्वी काही दिवस अन्न पूर्ण बंद ठेवत असत. पुढे लक्षात आले, की सुजलेले स्वादुपिंड मुळातच कमी स्राव करते, आणि आतड्याचे अस्तर मात्र स्वतःचे बरेचसे पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच घेते. आतडे रिकामे राहिले की हे अस्तर दुबळे होते आणि त्यातून जंतू रक्तात शिरण्याचा धोका वाढतो. म्हणून उलट्या औषधांनी आटोक्यात आल्या, की शक्य तितक्या लवकर अन्न सुरू करणे हीच आजची पद्धत आहे. मोती घरी येण्यापूर्वी जितके दिवस जेवला नव्हता, तेही उपासाचेच दिवस होते, हे तुमच्या परिचितांना अवश्य सांगा.

किती द्यावे, याचा अंदाज विश्रांतीच्या स्थितीत लागणाऱ्या ऊर्जेवरून बांधतात. किलोमधील वजनाला ३० ने गुणून त्यात ७० मिळवले, की दिवसभराच्या किलोकॅलरींचा ढोबळ आकडा येतो. १२ किलोच्या मोतीसाठी तो ४३० आहे. पहिल्या दिवशी याच्या पाव ते एक तृतीयांश भाग, तोही चार ते सहा लहान वाट्यांत विभागून द्यावा आणि तो पचला तर तीन-चार दिवसांत पूर्ण मात्रेपर्यंत न्यावे. ताजे पाणी समोर असू द्यावे. तहानेने तो एकदम भरपूर पाणी पिऊन ओकत असेल, तर वाडग्यात थोडेच ठेवून ते वारंवार भरावे.

आता त्याच्या न खाण्याविषयी. वाडग्यापर्यंत जाऊन वास घेऊन मागे फिरणे, ओठ चाटत राहणे, लाळ गळणे, रिकामेच गिळल्यासारखे करणे ही बहुतेक वेळा मळमळीची लक्षणे असतात, चोखंदळपणाची नव्हेत. उलटी थांबली म्हणजे मळमळ थांबली असे नसते. मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन यांसारखे औषध चालू आहे का, ते पुरेसे पडते आहे का आणि वेदना अजून शिल्लक आहेत का, हे डॉक्टरांना आजच विचारा, कारण दुखत असलेला कुत्राही जेवत नाही. अन्न अंगाच्या तापमानाइतके कोमट करून द्यावे, दहा-पंधरा मिनिटांत खाल्ले नाही तर वाडगा उचलून ठेवावा आणि काही वेळाने पुन्हा समोर करावा. सिरिंजने बळजबरीने भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका तर असतोच, शिवाय मळमळत असताना तोंडात कोंबलेल्या अन्नाचा त्याला कायमचा तिटकारा बसू शकतो. दोन दिवसांत तो स्वतःहून पुरेसे खाऊ लागला नाही, तर नाकातून किंवा मानेतून बसवलेल्या नळीने अन्न देता येते. ऐकायला हे कठोर वाटते, पण अनेक कुत्रे त्या नळीमुळेच लवकर सावरतात.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी माणसांची वेदनाशामके अजिबात देऊ नका. पुन्हा वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे, उलटीत किंवा शौचात रक्त, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर अथवा हिरड्यांवर पिवळी झाक, पोट ताणलेले असणे किंवा उठून उभे राहण्याचेही त्राण नसणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. पिवळेपणाचा अर्थ बहुधा असा असतो, की सुजेमुळे शेजारून जाणारी पित्तनलिका दाबली गेली आहे.

उत्तर: निवांत

माझ्या कुत्रीला हा आजार वारंवार होतो आणि त्यामुळे खाद्याची पाकिटे वाचणे हा माझ्या दिनक्रमाचाच भाग झाला आहे. तुम्हाला पडलेला ४ आणि १० टक्क्यांचा पेच बहुतेक सर्वांना पडतो, कारण ओल्या खाद्यातील पाणी त्या आकड्यात मिसळलेले असते.

पाण्याचा भाग वजा करून पाहा. ओल्या खाद्यात ७८ टक्के पाणी आणि ४ टक्के स्निग्धांश असेल, तर उरलेल्या २२ भाग कोरड्या पदार्थात ४ भाग स्निग्धांश, म्हणजे सुमारे १८ टक्के. कोरड्या खाद्यात १० टक्के पाणी आणि १० टक्के स्निग्धांश असेल, तर ९० मध्ये १०, म्हणजे ११ टक्के. पाकिटावर कमी दिसणारे खाद्यच प्रत्यक्षात जास्त स्निग्ध निघाले.

याहून खात्रीचे माप म्हणजे दर हजार किलोकॅलरींमागे किती ग्रॅम स्निग्धांश आहे, हे पाहणे. वरच्या कोरड्या खाद्यात एका किलोत ३५०० किलोकॅलरी असतील, तर १०० ग्रॅम स्निग्धांशाला ३५०० ने भागून हजारने गुणायचे. उत्तर सुमारे २९ येते. ओल्या खाद्यात किलोला १००० किलोकॅलरी असतील, तर थेट ४० ग्रॅम. माझ्या डॉक्टरांनी सर्वसाधारणपणे ३० च्या खाली राहण्यास सांगितले आहे, आणि ज्या कुत्र्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, वाढलेले असते किंवा ज्यांना हा त्रास उलटून होतो, त्यांच्यासाठी २० च्या आसपास. आणखी एक बारकावा असा, की पाकिटावरील स्निग्धांशाचा आकडा पुष्कळदा 'किमान' असतो. प्रत्यक्ष प्रमाण त्याहून अधिक असू शकते. खरा आकडा उत्पादकाला पत्र लिहून विचारता येतो आणि तो विचारावाच. रॉयल कॅनिन, हिल्स आणि प्युरिना यांची पचनविकारांसाठीची कमी स्निग्धांशाची खास खाद्ये मिळतात; ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायची असतात. नुसते 'लाइट' किंवा 'वजन कमी करण्यासाठी' असे लिहिलेले खाद्य या आजाराला पुरेसे असेलच असे नाही.

खाद्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे वाडग्याबाहेरचे खाणे. घरातील प्रत्येकाला, पाहुण्यांना आणि लहान मुलांनाही स्पष्ट सांगून ठेवा की ताटातला एकही घास त्याला मिळणार नाही. लोणी, चीज, तळलेले पदार्थ, मांसाची चरबी आणि कातडी यांचा छोटासा तुकडासुद्धा १२ किलोच्या कुत्र्याला छोटा नसतो. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवे. लाड करायचे असतील तर काकडी, गाजर, उकडलेली फरसबी किंवा बिया काढलेल्या सफरचंदाची फोड द्या, तेही तब्येत स्थिरावल्यावर. गोळी चीजमध्ये किंवा शेंगदाण्याच्या लोण्यात लपवण्याची अनेकांना सवय असते. त्याऐवजी उकडलेल्या बटाट्याचा गोळा तितकाच उपयोगी पडतो.

पाऊलवाट

आपणा दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलल्यावर त्यांनी मळमळीचे औषध वाढवले आणि आज मोतीने स्वतःहून तीन वेळा थोडे थोडे खाल्ले. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तो तयार खाद्यापेक्षा उकडलेले चिकन आणि भात अधिक आवडीने खातो, तर तेच कायम चालू ठेवावे का? आणि दुसरे म्हणजे, त्याने काही वावगे खाल्ल्याचे आम्हाला कोणालाच आठवत नाही. मग हे झाले कशामुळे?

उत्तर: वाफाळ

चिकन-भाताविषयी मी लिहितो, कारण आमच्याकडे पशुआहारतज्ज्ञाने आखून दिलेले घरचे अन्नच चालते.

काही दिवसांसाठी हा आहार उत्तम आहे. कातडी काढलेल्या, शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या मांसात १०० ग्रॅमला साधारण १६५ किलोकॅलरी आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. भातात तो जवळजवळ नसतोच. दोन्ही मिसळल्यावर हजार किलोकॅलरींमागचे प्रमाण २० च्या आत सहज बसते. पण छातीच्या मांसाऐवजी कातडीसह मांडीचा तुकडा घेतला, की हा हिशेब पार कोलमडतो. अंड्याचेही तसेच आहे: पांढरा भाग निर्धोक, तर पिवळ्या बलकामुळे संपूर्ण अंड्यात हजार किलोकॅलरींमागे सुमारे ७० ग्रॅम स्निग्धांश भरतो. मांस शिजवलेले पाणी भातात घालायचे असेल, तर ते थंड करून वर गोठलेला चरबीचा थर पूर्ण काढून टाकावा. कांदा आणि लसूण हे कुत्र्यांना विषारी असल्याने त्या पाण्यातही नकोत, आणि तेल तर नाहीच.

मात्र हाच आहार महिनोन् महिने चालवणे योग्य नाही. त्यात कॅल्शियम नगण्य असते, जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई ही जीवनसत्त्वे अपुरी पडतात, आणि आपण स्निग्धांश जाणीवपूर्वक घटवलेला असल्यामुळे लिनोलेइक आम्लासारखी आवश्यक मेदाम्लेही कमी पडू लागतात. कुत्रा वरवर तरतरीत दिसत असतानाच ही उणीव आत साचत जाते. घरचेच द्यायचे असेल तर तज्ज्ञाकडून वजनी प्रमाणासह आहार लिहून घ्यावा आणि त्यात सुचवलेली पूरक भुकटी वगळू नये. तयार खाद्यावर न्यायचे असेल, तर सात ते दहा दिवस घेऊन चिकन-भाताचा वाटा घटवत आणि खाद्याचा वाढवत न्यावा.

उत्तर: शुश्रूषा

मोती खाऊ लागला, हे वाचून फार बरे वाटले.

कारणाविषयी सांगायचे, तर बहुसंख्य कुत्र्यांमध्ये ते सापडतच नाही, आणि त्यासाठी घरातल्या कोणालाही दोष देऊ नये. चरबीयुक्त जेवण किंवा कचऱ्यातले खाणे हे परिचित निमित्त आहे. पण लठ्ठपणा, रक्तातील वाढलेले ट्रायग्लिसराइड, थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया, कुशिंग्ज (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) आणि मधुमेह यांतही धोका वाढतो. अपस्मारासाठी दिले जाणारे पोटॅशियम ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटाल यांच्याशीही या आजाराचा संबंध आढळलेला आहे. मिनिएचर श्नाउझर जातीत ट्रायग्लिसराइड जन्मजात प्रवृत्तीने वाढते, त्यामुळे हा आजार त्यांच्यात अधिक दिसतो. कॉकर स्पॅनियलमध्ये दीर्घकालीन प्रकार विशेष आढळतो. म्हणून तब्येत स्थिरावल्यावर, बारा तास उपाशी ठेवून घेतलेल्या रक्तात मोतीचे ट्रायग्लिसराइड तपासून घ्या. तो आकडा वाढलेला निघाला, तर कमी स्निग्धांशाचा आहार आयुष्यभर ठेवावा लागेल. तो सामान्य असला आणि हा पहिलाच प्रसंग असला, तर पुढे काय करायचे हे डॉक्टर ठरवतील. तरीही कॉकर स्पॅनियलच्या बाबतीत मी स्वतः जुन्या खाद्याकडे परतण्याची घाई करणार नाही.

तो स्थूल असेल तर वजन जरूर उतरवावे, पण आत्ता नव्हे. पूर्ण बरा झाल्यावर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ देऊ नये. फिरायला नेताना सुरुवातीला अंतर कमी ठेवा आणि त्याच्या उत्साहावरून ते वाढवत जा. स्वादुपिंडाची एन्झाइम भुकटी 'मदत म्हणून' देण्याचा सल्ला अनेकदा ऐकू येतो. ग्रंथीची एन्झाइम बनवण्याची क्षमताच संपली असल्याचे सिद्ध झालेले नसेल, तर तिची गरज नसते.

ती क्षमता काही कुत्र्यांत, विशेषतः वारंवार दाह होऊन गेल्यावर, कालांतराने खरोखरच संपते. भूक प्रचंड, तरी वजन घटत चाललेले आणि शौच फिकट, मऊ व भरपूर प्रमाणात होणारे, असे चित्र दिसले तर स्वादुपिंडाच्या एन्झाइमचे रक्तातील प्रमाण दाखवणारी टीएलआय ही रक्ततपासणी करून घ्यावी आणि त्याबरोबर बी-१२ जीवनसत्त्वही तपासावे. इन्शुलिनही हीच ग्रंथी बनवते, त्यामुळे तहान आणि लघवी एकदम वाढली तर रक्तातील साखर पाहावी. दर पंधरा दिवसांनी त्याच वजनकाट्यावर वजन करून वहीत तारखेसह लिहून ठेवलेत आणि पुढच्या भेटीला ती वही बरोबर नेलीत, तर तुमच्या डॉक्टरांना हे बदल पुष्कळ आधी पकडता येतील.