डेलिलीला पाने भरपूर, फुले मात्र मोजकी

प्रश्न: वाफ्यातील डेलिलीचे बेट चांगलेच दाट झाले आहे. पाने हिरवीगार असली, तरी यंदा फुलांचे दांडे मोजकेच आले. खत वाढवावे, की बेट विभागावे?

पहिले उत्तर: खत मुळीच वाढवू नये, नत्र जास्त झाले की नुसती पानेच माजतात. आधी ऊन तपासावे, कारण दिवसाला किमान 6 तास थेट ऊन न मिळाल्यास कळ्या कमी धरतात. ऊन पुरेसे असेल, तर दाटी हेच कारण समजावे. साधारण 3 ते 5 वर्षांनी बेट विभागावेच लागते. बहर ओसरल्यावर सगळा गड्डा खणून माती धुवून टाकली, की जाड, गाठाळ मुळे आणि पंख्यासारखे पानांचे झुबके सुटे दिसू लागतात. प्रत्येक भागात असे 2-3 झुबके राहतील, अशा बेताने ते वेगळे करावेत. पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि मुळे व पाने जुळतात तो भाग मातीखाली सुमारे अडीच सेंटिमीटर ठेवावा. फार खोल लावल्यास फुले कमी येतात.

दुसरे उत्तर: सहमत. दोन रोपांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर असावे. प्रत्येक फूल जेमतेम एक दिवस टिकत असल्याने कोमेजलेली फुले रोज खुडण्याचा अट्टहास मला अनावश्यक वाटतो. बोंडे धरू लागली, तर मात्र ती काढावीत.

प्रश्नकर्ता: आभार. विभागलेली काही रोपे कुंडीत लावून घरात ठेवली तर चालतील का? घरात मांजर आहे.

पहिले उत्तर: मुळीच ठेवू नयेत. डेलिलीची पाने, फुले किंवा परागकण पोटात गेल्यास मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.