मदत हवी आहे: ह्युस्टनची दमट हवा, चपलांना बुरशी आणि सादळलेले पापड

मंडळी, मार्चमध्ये पुण्याहून ह्युस्टनला आलोय, हॅरिस काऊंटीत भाड्याचं घर आहे. टेक्सास म्हटल्यावर मी आपला वाळवंट, निवडुंग धरून बसलेलो, पण ते सगळं पार पश्चिमेला, इकडे मेक्सिकोच्या आखातावरून ओली हवा येतच राहते. सकाळी दार उघडलं की चष्म्यावर वाफ. ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं; जितका जास्त तितकी हवा ओली) रोज २४ सेल्सियसच्या आसपास, म्हणजे मुंबईत पाऊस पडायच्या आधी जी तगमग होते ना, ती इथे जून ते सप्टेंबर. पाऊसही वर्षाला १३०० मिमीच्या आसपास, पण आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने कधीही.

बाहेरचं सोसेन हो, घरातलं काय करू? एसी २२ वर आहे तरी अंग चिकट. परवा कपाटातनं कोल्हापुरी काढल्या तर वर हिरवट लव, आणि आईने दिलेले उडदाचे पापड घट्ट डब्यात असूनही रुमालासारखे मऊ. हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) ६८ टक्के दाखवतोय. घरमालक म्हणतो खिडक्या उघडा. डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) घेऊ का? (तबल्याचं तर विचारूच नका, रात्री लावला की सकाळी उतरलेला.)

कुकरची_शिट्टी: खिडक्या अजिबात उघडू नका, ओली हवा आत घ्याल! आधी थर्मोस्टॅट (एसीचं तापमान लावायचं भिंतीवरचं यंत्र) बघा, फॅन 'ऑन'वर आहे का? असेल तर 'ऑटो' करा. 'ऑन'वर एसी थांबला तरी पंखा फिरतच राहतो आणि एसीच्या गार कॉईलवर (नळ्यांवर) जमलेलं पाणी परत घरातच उडवतो. शिवाय घराच्या मानाने एसी मोठा असेल तर दहा मिनिटांत गार करून बंद, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. तसं असेल तर मग डीह्युमिडिफायर घ्या. घरातला ओलावा ५० टक्क्यांच्या खाली आला की बुरशी थांबते.

जुना_खांब: वरचं बरोबर आहे. पण १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेन सीझन (चक्रीवादळांचा हंगाम), ते विसरू नका. २०१७ च्या हार्वी वादळात पाणी बघितलंय, २०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं तेव्हा आमच्याकडे चार दिवस लाईट नव्हते, एसी नाही की काही नाही, भिंती घामेजल्यासारख्या. भाडेकरूच्या साध्या विम्यात पूर येत नाही, पुराचा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो, तेव्हा वादळाची बातमी आल्यावर धावून उपयोग नाही.

धागाकर्ता: फॅन 'ऑन'वरच होता!! लेकाने केलेला, आवाज ऐकून झोप लागते म्हणे. तीन दिवसांत ५७ वर आलंय. चपला व्हिनेगरने पुसून पंख्याखाली ठेवल्यात, पापड मायक्रोवेव्हमध्ये निघतायत बरे. विम्याचं आजच बघतो. आता तबल्याचं कोणी सांगेल का?