राफ्टिंगला जायचं ठरवताना काय काय झालं? अनुभव लिहा

लातूरची_लेक: काल गल्लीत "पाणी सुटलं का?" ओरडा ऐकला अन् कोलाड आठवलं. तिथल्या कुंडलिका नदीत मनात येईल तवा राफ्ट निघत नाहीत. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सुटतं, त्यावर सगळा खेळ. आम्ही रात्रभर गाडी हाणत, चहाला थांबत थांबत दुपारी पोचलो. नदी उतरलेली! २०१६ ला रेल्वेनं पाणी आलेल्या गावची माणसं, तिथंही पाणी चुकलं. आदल्या रात्री मुक्कामालाच जा बाबांनो.

गोदाकाठचा: 😂😂 नशीबच तसलं.

नांदेडकर७२: आम्ही ऋषिकेशला. सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, पुढं बस. वाटेत लंगर एवढा मिळाला की आईच्या दशम्या तशाच परत आल्या. शिवपुरीपासून १६ किमी. जुलै-ऑगस्टला पुरामुळं बंद असतं, तिकिटं त्या हिशोबानं काढा. मे महिन्यात गेलो, तरी पाणी बर्फ! परभणीचा मेहुणा पहिल्या लाटेला जे "आई गं" म्हणला, ते काठाला लागेपर्यंत.

माजलगावची: दशम्या दुधातल्या का? माझ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात.

नांदेडकर७२: दुधातल्याच. आईला विचारून सांगतो.

जालन्याचा_पोरगा: पोहता येत नाही, चालतंय का?

गोदाकाठचा: मलाही येत नव्हतं. जॅकेटचे पट्टे आवळून घ्या. मी पोटामुळं ढिले ठेवले, पाण्यात पडल्यावर जॅकेट नाकापर्यंत आलं. पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढं, प्रवाहाच्या दिशेनं. उभं राहायला जाऊ नका, खडकात पाय अडकतो. अन् चष्म्याला दोरी बांधा. माझा रोलर कोस्टर नावाच्या रॅपिडनं, म्हणजे खळाळत्या पाण्याच्या टप्प्यानं नेला. पुढं दोन दिवस बायको देवळं दाखवायली, मला नुसत्या घंटा ऐकू यायल्या.

जालन्याचा_पोरगा: मग पैठणलाच करू की, जवळ पडतंय.

लातूरची_लेक: नाथसागरात? वल्हवत बसशील संध्याकाळपर्यंत.

जालन्याचा_पोरगा: धरणाची दारं उघडल्यावर खाली नदीत?

गोदाकाठचा: तवा लोक घरं सोडून वर पळायलेत अन् हे येडं वल्हं घेऊन खाली चाललंय.

माजलगावची: दशम्यांचं राहिलं ओ.

लातूरची_लेक: थांबा, आमच्याकडं सुटलं पाणी. मोटर लावून येते.