ट्रान्सफर क्रेडिटच्या निर्णयाविरुद्ध अपील: 'ऐच्छिक' ठरवलेले विषय पदवीच्या आवश्यक विषयांत कसे धरून घ्यावेत?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजातले (पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवणाऱ्या कॉलेजातले) शिक्षण पूर्ण करून मी यंदा चार वर्षांच्या एका विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश घेतला आहे. आधीच्या कॉलेजात क्वार्टर पद्धत (वर्षात तीन मुख्य सत्रे) होती, नव्या विद्यापीठात सेमिस्टर पद्धत (वर्षात दोन मुख्य सत्रे) आहे, त्यामुळे एक क्वार्टर क्रेडिट दोन-तृतीयांश सेमिस्टर क्रेडिट धरले जाते. प्रवेशानंतर हाती आलेल्या मूल्यमापनात माझी जवळपास सर्व क्रेडिट स्वीकारलेली दिसतात. तरीही दोन विषयांचा निर्णय मला अन्यायकारक वाटतो आणि त्याविरुद्ध अपील करावे, असा माझा विचार आहे.

पहिला विषय डेटा स्ट्रक्चर्स. तो ५ क्वार्टर क्रेडिटचा होता आणि त्यात मला 'ए' श्रेणी मिळाली होती. नव्या विद्यापीठाने त्याची ३.३३ सेमिस्टर क्रेडिट दिली, पण ती 'सामान्य ऐच्छिक' या सदरात टाकली. कारण एवढेच दिले आहे की त्यांच्याकडे हा विषय तिसऱ्या वर्षाच्या पातळीवर शिकवला जातो आणि मी तो दुसऱ्या वर्षाच्या पातळीवर केला आहे. पुढचे बरेच विषय याच विषयावर अवलंबून असल्यामुळे तो पुन्हा करावा लागला, तर पदवी किमान एका सेमिस्टरने लांबेल आणि त्या सेमिस्टरची फीही भरावी लागेल.

दुसरा विषय भौतिकशास्त्र. तीन क्वार्टरच्या मालिकेपैकी यांत्रिकी आणि विद्युत-चुंबकत्व हे दोन भाग मी पूर्ण केले आहेत. तेही ऐच्छिकच ठरवले आहेत आणि मला पहिल्या सेमिस्टरचे भौतिकशास्त्र मुळापासून करायला सांगितले आहे.

ॲडव्हायझरला विचारले, तेव्हा निर्णय संगणक प्रणालीतूनच आला असल्याचे उत्तर मिळाले. अपील नेमके कोणाकडे करायचे, सोबत काय जोडायचे, जुन्या प्राध्यापकांच्या पत्राला कितपत किंमत असते आणि अपील केल्यामुळे विभागाशी संबंध बिघडण्याची शक्यता असते का, हे कृपया कोणी सांगेल का?

प्रतिसाद १ (क्रेडिट मूल्यमापनाचे काम केलेली व्यक्ती)

मी अनेक वर्षे रजिस्ट्रार ऑफिसात हेच काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्याला जो एकच निर्णय वाटतो आहे, तो प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या निर्णयांचा बनलेला असतो. क्रेडिट स्वीकारायचे की नाही, हा पहिला. तो बहुतेक वेळा रजिस्ट्रार किंवा प्रवेश विभाग घेतो आणि त्यात आधीच्या संस्थेची मान्यता व मिळालेली श्रेणी पाहिली जाते. स्वीकारलेला विषय नव्या विद्यापीठातल्या कोणत्या विषयाशी समकक्ष आहे, हा दुसरा निर्णय संबंधित विभागाचे प्राध्यापक घेतात. तो विषय आपल्या पदवीच्या कोणत्या अटीसाठी धरायचा, हा तिसरा, आणि त्यात ज्या विभागाची पदवी आपण घेत आहात त्याचा शब्द चालतो. आपला पहिला टप्पा पार पडला आहे. तक्रार दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याविषयी आहे. म्हणून 'माझी क्रेडिट नाकारली' असे लिहून रजिस्ट्रारकडे अर्ज केला, तर ती स्वीकारलेली आहेत असे खरे, पण निरुपयोगी उत्तर मिळेल.

'निर्णय प्रणालीतून आला' याचा अर्थ असा, की आपल्या कॉलेजचा तो विषय पूर्वी कधीतरी कोणीतरी तपासला आणि त्याची नोंद समकक्षतेच्या तक्त्यात राहून गेली, किंवा तो कधीच न तपासल्यामुळे आपोआप ऐच्छिक ठरला. विद्यार्थ्यांना हे माहीत नसते आणि त्याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे: पहिले मूल्यमापन बऱ्याचदा केवळ कॅटलॉगमधल्या दोन-तीन ओळींच्या वर्णनावरून होते. आपला सविस्तर सिलॅबस विषयाच्या जाणकाराने वाचण्याची पहिली वेळ अनेकदा अपिलाच्या निमित्तानेच येते. त्यामुळे अपील म्हणजे कोणाच्या निर्णयावर घेतलेला आक्षेप, असे समजू नका आणि संबंध बिघडतील या भीतीने थांबू तर मुळीच नका. अमेरिकी सरकारच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी सुमारे ४३ टक्के क्रेडिट वाया जातात, असा अंदाज मांडला होता. तो २००४ ते २००९ या काळातील ट्रान्सफरवर आधारलेला आहे, हे लक्षात ठेवूनही आकडा फार मोठा आहे.

सुरुवातीला विद्यापीठाचे ट्रान्सफर धोरण शोधा. संघीय विद्यार्थी साहाय्य योजनांत सहभागी असलेल्या संस्थांना ते धोरण आणि त्याचे निकष जाहीर ठेवावे लागतात. विशिष्ट क्रेडिट स्वीकारण्याची सक्ती संघीय कायदा करत नाही. परंतु संस्थेने स्वतः छापलेला निकष आपल्या बाबतीत पाळला गेला नसेल, तर अपिलाला त्याहून भक्कम आधार मिळणार नाही. त्याच धोरणात अपिलाची मुदतही दिलेली असते. ती चुकली, तर उत्तम पुरावाही फाईलमध्येच पडून राहतो.

अर्ज एका पानाचा ठेवा आणि प्रत्येक विषयासाठी वेगळा करा. आपला कोणता विषय त्यांच्या कोणत्या विषयाच्या जागी धरावा, हे क्रमांकासह पहिल्याच वाक्यात यावे. त्याखाली दोन रकाने करून एका बाजूला त्यांच्या सिलॅबसमधील घटक आणि समोर आपल्या सिलॅबसमधील तोच घटक, आठवडा व प्रकरणासह लिहा. जिथे आपल्याकडे घटक नव्हता, तिथे तसे स्पष्ट लिहा, कारण तपासणाऱ्याला ती फट दिसणारच असते आणि ती आपणच दाखवली, तर उरलेल्या मजकुरावर त्याचा विश्वास बसतो. सोबत आपण शिकलात त्याच सत्राचा सिलॅबस, कॅटलॉगमधील वर्णन, पाठ्यपुस्तकाचे नाव व आवृत्ती आणि तपासून मिळालेल्या असाइनमेंट्स जोडा. फी, वाया जाणारा वेळ, घरची परिस्थिती या गोष्टी कितीही खऱ्या असल्या, तरी समकक्षता ठरवणाऱ्या प्राध्यापकाला त्यांचा विचार करता येत नाही. त्या अर्जात आणू नका. जुन्या प्राध्यापकांचे पत्र 'ही विद्यार्थिनी हुशार आहे' अशा आशयाचे असेल, तर त्याचा उपयोग नाही. वर्गात कोणते घटक किती खोलवर शिकवले, हे त्यात असेल, तर मात्र त्याला चांगले वजन येते.

प्रतिसाद २ (संगणकशास्त्राचे प्राध्यापक)

आमच्या विभागात असे अर्ज माझ्याकडे येतात, म्हणून तपासणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

डेटा स्ट्रक्चर्सच्या सिलॅबसमध्ये मी लिंक्ड लिस्ट, ट्री, हॅश टेबल, ग्राफ, सॉर्टिंग, रिकर्शन आणि बिग-ओ विश्लेषण पाहतो. पण घटकांच्या यादीपेक्षा असाइनमेंट्स मला जास्त सांगतात. विद्यार्थ्याने बॅलन्स्ड ट्री स्वतः लिहिला, की भाषेच्या लायब्ररीतला तयार वापरला, यावर पुढच्या विषयात त्याचा निभाव लागेल की नाही, हे ठरते. विषय जावामध्ये शिकवला होता आणि आमच्याकडे सी++ असेल, तर मेमरी हाताळण्याबद्दल मी एखादा प्रश्न विचारतो, परंतु केवळ भाषा वेगळी म्हणून समकक्षता नाकारणे मला योग्य वाटत नाही.

आता पातळीचा मुद्दा, कारण आपली खरी अडचण तिथे आहे. विषयाचा क्रमांक दोनशेच्या मालिकेत आहे की तीनशेच्या, यावरून त्यात काय शिकवले ते कळत नाही. तरीही वरच्या पातळीची ठरावीक क्रेडिट पूर्ण केल्याशिवाय पदवी न देण्याचा नियम अनेक विद्यापीठांत असतो आणि तो बदलणे विभागाच्या हातात नसते. म्हणून आपल्या अर्जात दोन मागण्या क्रमाने करा. पूर्ण समकक्षता द्यावी, ही पहिली. ती शक्य नसेल, तर या विषयाची आवश्यकता पूर्ण झाल्याचे आणि पुढील विषयांसाठीची पूर्वअट भागल्याचे मान्य करावे व वरच्या पातळीची कमी पडणारी क्रेडिट मला दुसऱ्या विषयातून मिळवू द्यावीत, ही दुसरी. विद्यापीठाचा नियम त्यामुळे मोडत नाही आणि आपल्याला शिकलेलेच पुन्हा शिकावे लागत नाही. विद्यार्थी ही दुसरी मागणी क्वचितच करतात. करतात तेव्हा ती मान्य करणे मला फार सोपे जाते.

भौतिकशास्त्राबद्दल मात्र मी खोटी आशा दाखवणार नाही. तीन क्वार्टरची मालिका आणि दोन सेमिस्टरची मालिका यांत सगळे मिळून साधारण तेच शिकवतात, पण तुकडे वेगळ्या ठिकाणी पाडलेले असतात. यांत्रिकीच्या जोडीला पहिल्याच सेमिस्टरमध्ये तरंग किंवा उष्मागतिकी असेल, तर तो भाग आपल्या राहिलेल्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी तिसरा क्वार्टर उन्हाळ्यात जुन्याच कॉलेजात पूर्ण करणे बऱ्याचदा सर्वांत कमी खर्चाचे पडते. प्रत्येकी ५ क्रेडिटचे तीन क्वार्टर म्हणजे १५ क्वार्टर क्रेडिट, अर्थात १० सेमिस्टर क्रेडिट होतात, आणि प्रयोगशाळेसह दोन सेमिस्टरच्या मालिकेचीही अनेक ठिकाणी ८ ते १० क्रेडिट असतात. मात्र संपूर्ण मालिकेच्या बदल्यात संपूर्ण मालिका धरली जाईल, हे नाव नोंदवण्यापूर्वी भौतिकशास्त्र विभागाकडून लेखी घ्या. एकेक भाग सुटा तपासला गेला, तर आज आली तीच अडचण पुन्हा येईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. दोन मागण्या क्रमाने मांडण्याची सूचना मला फार मोलाची वाटली. एक अडचण उरते: डेटा स्ट्रक्चर्सचा माझ्या सत्रातील सिलॅबस माझ्याकडे नाही, ते प्राध्यापक निवृत्त झाले आहेत आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर फक्त चालू वर्षाचा सिलॅबस आहे. शिवाय पुढील सेमिस्टरची नोंदणी अपिलाच्या निकालाआधीच सुरू होईल.

प्रतिसाद ३ (या प्रक्रियेतून गेलेला विद्यार्थी)

सिलॅबससाठी प्राध्यापकांच्या ऐवजी विभागाच्या कार्यालयाला लिहा आणि विषय क्रमांक, तुकडी (सेक्शन) व सत्र नमूद करा. कम्युनिटी कॉलेजांत प्रत्येक विषयाची एक अधिकृत रूपरेषा मंजूर करून ठेवलेली असते, आणि तो विषय कोणीही शिकवला तरी ती लागू असते. त्या काळात लागू असलेली रूपरेषा मागा आणि आपल्या सत्रात याच रूपरेषेनुसार शिकवले गेले, असे विभागप्रमुखांचे दोन ओळींचे पत्र तिला जोडा. माझ्या बाबतीत हे दोन कागद मूळ सिलॅबसच्या जागी मान्य झाले. त्या वर्षीचा कॅटलॉग संकेतस्थळावरून काढून टाकला असेल, तर वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) शोधून पाहा.

दोन्ही संस्था एकाच राज्यातील सरकारी संस्था असतील, तर राज्याचे नियमही वाचा. टेक्सासमध्ये अशा संस्थांमधील पहिल्या दोन वर्षांच्या पातळीवरील विषयाचा वाद, नकाराची लेखी सूचना मिळाल्यापासून ४५ दिवसांत मिटला नाही, तर नकार देणाऱ्या संस्थेला राज्याच्या उच्च शिक्षण आयुक्तांना कारणांसह कळवावे लागते. फ्लोरिडात विषयांना राज्यभर समान क्रमांक देण्याची पद्धत आहे. कॅलिफोर्नियात 'असिस्ट' या संकेतस्थळावर कोणता विषय कशाच्या जागी धरला जाईल, याचे करार वर्षनिहाय दिलेले असतात. तिथे चालू वर्षाचा करार न पाहता आपण ज्या वर्षी विषय केला, त्या वर्षीचा उघडा.

नोंदणीसाठी निकालाची वाट पाहू नका. पुढचा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आपले ट्रान्स्क्रिप्ट आणि असाइनमेंट्स पाठवून पूर्वअटीची सवलत मागा. ती बहुतेक ठिकाणी प्राध्यापकांच्या किंवा विभागाच्या अखत्यारीत असते आणि अपिलाच्या तुलनेत लवकर मिळते. मात्र ती सवलत फक्त त्या विषयाच्या प्रवेशापुरती असते. डेटा स्ट्रक्चर्सची आवश्यकता तिने पूर्ण होत नाही, त्यामुळे सवलत मिळाली तरी अपील मागे घेऊ नका आणि निकाल लागल्यावर पदवीच्या ऑडिटमध्ये (कोणत्या अटी पूर्ण झाल्या हे दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या नोंदीत) तो विषय ऐच्छिक सदरातून खरोखर हलवला गेला आहे का, हे स्वतः उघडून तपासा.