प्रेरणा म्हणून झाडीपट्टीचं नाटक, आबाजींची खंजिरी आणि नागभीडचा पेंटर दाखवला तर चालेल का?

बोडीकाठची पोर

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यातली, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीतली. घरी धानाची शेती, गावाला लागून बोडी, म्हणजे छोटं तळं. सध्या नागपूरला माध्यमं शिकून राहिले, दुसरं वर्ष.

आम्हाला एक काम मिळालंय. चित्रपट, संगीत आणि डिझाइन या तिन्हींत आपल्याला कोणी घडवलं ते दहा मिनिटांत मांडायचं, सोबत दोन मिनिटांची फिल्म करायची. वर्गात बहुतेकांनी परदेशी दिग्दर्शक घेतले. मीही आधी तसंच केलं. होस्टेलवर बसून अकरा स्लाइड बनवल्या. रात्री परत पाहिल्या तर लक्षात आलं, यातला एकही सिनेमा मी नागपूरला यायच्या आधी पाहिलेला नाही. मग त्याआधीची सतरा वर्षं मी काय पाहिलं, काय ऐकलं? ते लिहून काढलं आणि तीनच गोष्टी उरल्या.

पहिली, मंडईतलं नाटक. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात आणि रात्री नाटक असते. दहा-साडेदहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते. मी चौथीत होते. ताडपत्रीवर आजीच्या मांडीवर झोपले होते. मधेच जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्यामुळे. एवढा मोठा मंडप, हजारभर माणूस, आणि कोणी शेंगासुद्धा फोडत नव्हतं. स्टेजवर एक बाई उभी होती. माईक वरून लोंबत होता आणि ती त्याच्यापासून दूर होती. ती दोन पावलं चालत माईकखाली आली, थांबली, आणि मग बोलली. काय बोलली ते आठवत नाही. ती दोन पावलं आठवतात. यंदा एडिटिंग शिकताना संवादाच्या आधी शॉट किती धरून ठेवायचा हे सांगितलं, तेव्हा मला ती बाईच दिसली.

दुसरी, खंजिरी. आबाजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनमंडळात. थंडीत दहिवराने खंजिरीचं कातडं ढिलं पडते आणि आवाज बसते, म्हणून भजनाआधी ती शेकोटीवर शेकतात. तापलेली खंजिरी टणटण वाजते. तासाभराने आवाज खाली येतो, मग कोणीतरी उठून परत शेकून आणते. मी घरात अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगायची की आत्ताच शेकली की आता शेकायला झाली. ध्वनी म्हणजे वेळ, हे मला तिथे कळलं.

तिसरी गोष्ट म्हणजे नागभीडचे एक पेंटर काका. शाळेतून येताना एसटी सुटली की मी त्यांच्या दुकानासमोर उभी राहायची. सुतळीला निळ लावून भिंतीवर ताणायची, मधोमध उचलून सोडायची, फट्कन सरळ रेघ उमटायची. खडूने अक्षरं आखायची, मग चपटा ब्रश. दोन अक्षरं झाली की शिडीवरून उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या पानठेल्याजवळून पाहायचे. दर दोन अक्षरांना. मी विचारलं, "काका, इतक्यांदा काहून उतरता?" तर म्हणाले, "वाचणारा तिकडून येणार आहे ना."

ही कल्पना वर्गात सांगितली तर उत्तर मिळालं की हे लोककलेच्या पेपरात टाका, इथे डिझाइन आणि सिनेमा पाहिजे. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अडचण अशी की उत्तर देता आलं नाही. हे डिझाइनच आहे हे मला माहीत आहे, सिद्ध कसं करायचं ते माहीत नाही. नुसत्या आठवणी सांगितल्या तर सगळे "किती छान" म्हणतील आणि विसरून जातील.

दुसरी अडचण तांत्रिक. मागच्या मंडईत फोनवर घेतलेल्या व्हिडिओत स्टेजवर काळे पट्टे वर-खाली सरकतात आणि आवाजात नुसता गोंगाट. यंदाची मंडई बारा दिवसांवर आहे. जाणकारांनी सांगावं.

वडस्याचा ऑर्गनवाला

पोरी, मी चौदा सीझन झाडीपट्टीत ऑर्गन वाजवून राहिलो. तुझं वाचलं आणि बायकोलाही वाचून दाखवलं.

पहिले एक गोष्ट दुरुस्त करतो, राग मानू नको. ती बाई दोन पावलं चालली ते फक्त माईकसाठी नाही. आमच्याकडे भाऊबीजेपासून होळीपर्यंत रोज नवीन गाव. तालमीला दिवस कमी, नाटकं जास्त. म्हणून विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसते. नट चालते तेव्हा प्रॉम्प्टर त्याला पुढचं वाक्य देते. चांगला नट ते वाक्य कानात घेते, चेहऱ्यावर दिसू देत नाही, आणि चालता चालता ते आपलं करते. तुला जी शांतता ऐकू आली तिच्यात एक माणूस कुजबुजत होता. तू ताडपत्रीवर होती म्हणून तुला आला नाही, मला रोज येते.

आणि त्या दोन पावलांत मी काय करतो ते सांगतो. ऑर्गनवर फक्त सा धरून ठेवतो, हलका. नटाचं पाऊल थांबलं की बोट उचलतो. एकदम उचललं तर मंडपाला धक्का बसते, सावकाश उचललं तर त्याच्या वाक्यावर माझा सूर लोंबते. हे कोणी शिकवत नाही. पहिल्या सीझनमधे मी तीनदा बोलणी खाल्ली तेव्हा जमलं.

तुमच्या सरांना की मॅडमला हेही सांग की हे नाटक म्युझियममधलं नाही. लोक तिकीट काढून बसतात, गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या वडस्यात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तारखा बुक होतात, पोस्टर छापतात. पडदे, लाईट, जनरेटर, कलाकार सगळं रोज गाडीत चढते आणि उतरते. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मधे पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. लोककलेचा पेपर असेल तर तिथेही जाऊ दे, पण ज्या धंद्यावर इतकी घरं चालतात त्याला सिनेमाच्या वर्गात बसायला जागा नाही असं कोणी म्हणू नये.

अक्षरवेडी, अमरावती

मी उपयोजित कला शिकले आणि वीस वर्षं अक्षरांचंच काम करते. तुझ्या पेंटर काकांचं "वाचणारा तिकडून येणार आहे" हे वाक्य स्लाइडवर एकटंच ठेव. त्यांनी वाचनाचं अंतर आणि अक्षराचा आकार यांचा संबंध एका ओळीत सांगितला. ते डिझाइन नाही म्हणणाऱ्याला मग डिझाइन म्हणजे काय हे सांगावं लागेल.

सिद्ध कसं करायचं विचारलंस. आठवणीला मोजमाप जोड. त्यांनी रंगवलेल्या दहा-बारा पाट्या शोध, अगदी समोरून फोटो काढ, बाजूला पट्टी धर म्हणजे माप कळेल. मग एकच अक्षर सगळ्या पाट्यांतून उचलून शेजारी लाव. मी तुझ्या जागी असते तर ल आणि श घेतले असते. या दोन अक्षरांची मराठी वळणं वेगळी आणि हिंदी वळणं वेगळी. आपल्या विदर्भात, विशेषतः नागपूरपासून पूर्वेकडे, एकाच रस्त्यावर दोन्ही दिसतात. काका कोणतं काढतात? गिऱ्हाईक बदललं की वळण बदलतात का? हे त्यांना विचार, उत्तर रेकॉर्ड कर.

दुसरं, जाड-बारीक रेघ बघ. देवनागरी बोरूचं, म्हणजे जुन्या कापीव लेखणीचं, टोक तिरपं कापतात आणि त्या कापामुळे जाडी कुठे पडायची ते ठरतं. रोमन लिपीच्या लेखणीची जाडी दुसऱ्याच अंगाने पडते. चपटा ब्रश धरणाऱ्याच्या मनगटात हा बोरूचा कोन अजून शिल्लक आहे का, हे त्यांच्या हाताच्या क्लोजअपमधे दिसेल. असा शॉट मी कुठल्याही विद्यार्थ्याच्या फिल्ममधे पाहिलेला नाही.

शेजारी ठेवायला नाव हवं असेल तर र. कृ. जोशी यांचं ठेव (१९३६ ते २००८). कॅलिग्राफीत हात मुरलेला माणूस, आणि विंडोजवरचा मंगल हा फॉन्टही त्यांचाच. जुन्या विंडोजच्या संगणकावर मराठी वाचलं असशील तर ते बहुधा त्यांच्याच अक्षरांत. एका बाजूला मंगलमधला ळ, दुसऱ्या बाजूला काकांचा ळ. स्लाइडसाठी मात्र मंगल वापरू नकोस, तो पडद्यावरच्या लहान मजकुरासाठी बरा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट फुकट मिळतात. शीर्षकाला बलू, खाली मुक्त.

एक विनंती. फ्लेक्सवर राग काढण्यात दहा मिनिटांतली तीन घालवू नकोस. तो विषय सगळे बोलतात. काकांचा हात दाखव.

दारव्हेकर कॅमेरा

मूळचा दारव्ह्याचा, आता पुण्यात कॅमेरा आणि साउंड दोन्ही करतो. पट्ट्यांचं आधी.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, फोनच्या सेन्सरला दिसतं. फोन ऑटोवर असला की शटर स्वतःच्या मर्जीने बदलतो आणि पट्टे सरकतात. प्रो मोडमधे जा, सेकंदाला २५ फ्रेम ठेव आणि शटर १/५० वर लॉक कर. फार उजेड वाटला तर १/१००. एक्सपोजर आणि फोकसही लॉक कर, नाहीतर रंगीत लाईट बदलला की चित्र धडधडेल. मंडप जनरेटरवर चालत असेल तर नाटक सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट शूट करून तपास.

आवाज कॅमेऱ्याच्या फोनवर घेऊ नकोस. दुसरा फोन माग, त्यात वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ. तो भोंग्यासमोर ठेवलास तर सगळं फाटेल. ऑर्गनवाले काका परवानगी देतील तर त्यांच्या पायाशी रुमालाच्या घडीवर ठेव. कुजबुज मिळाली तर तिथेच मिळेल. आणि रिकाम्या मंडपाचा दोन मिनिटं आवाज घे, कोणी न बोलता. एडिटला बसलीस की त्याची किंमत कळेल.

खंजिरीसाठी मात्र माईक जवळ नेऊ नकोस. तू घरातून ऐकायचीस ना? मग फोन घरातच ठेव, तुझ्या अंथरुणाच्या जागी. शेकण्याआधी एकदा आणि शेकल्यावर एकदा.

दिवसाच्या प्रकाशासाठी एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या सादरीकरणातही बसेल. १९५६ च्या 'अपराजितो'मधे सत्यजित राय यांना बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत हवं होतं. अंगणात उजेड वरून आणि सगळीकडून सारखा येतो, तो दिव्यांनी आणणार कसा? कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतून आलेल्या उजेडात शूटिंग केलं. त्याआधीच्या 'पथेर पांचाली' या पहिल्या सिनेमाचं काम मिळालं तेव्हा मित्र एकवीस वर्षांचे होते आणि त्यांनी फिल्म कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. पेंटर काकांच्या दुकानात काळोख असेल तर आबाजींचं धुतलेलं धोतर उन्हात ताण आणि तो उजेड आत वळव. खर्च शून्य.

बोडीकाठची पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

ऑर्गनवाले काका, तुमचं वाचून मागच्या मंडईचा तो खराब व्हिडिओ परत लावला. हेडफोन घालून, डोळे मिटून. चौथ्या मिनिटाला नट वळतो, आणि गोंगाटाखाली खरंच कोणीतरी बोलते. "सांग तिला" एवढंच कळते. मग नट दोन क्षणांनी मोठ्याने तेच म्हणतो. मी ते सोळा वेळा ऐकलं. इतकी वर्षं मी ज्याला रिकामी जागा समजत होते ती भरलेली निघाली. आता फिल्म फक्त त्या दोन पावलांची करायची ठरवलंय. पाऊल, कुजबूज, तुमचा सा, तुमचं बोट, मग वाक्य.

ताई, पेंटर काकांकडे दोन तास बसले. ते ल मराठी काढतात आणि श दोन्ही तऱ्हेचे. कारण विचारलं तर म्हणाले, शाळेची पाटी असली तर पुस्तकातला श, किराणा दुकानाला जो जागेत बसेल तो. शब्द मधोमध बसवायला ते मधल्या अक्षरापासून सुरू करून दोन्हीकडे जातात, हे मी इतकी वर्षं पाहून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता त्यांच्याकडे पाट्या कमी येतात, जास्त करून ट्रॉल्या आणि नंबर प्लेट. तरी ट्रॉलीच्या मागे लिहितानाही ते उठून वीस पावलं मागे जातात. मी मोजली.

दादा, धोतर ताणलं. आजी रागावली, पण उजेड आला. काकांच्या हातावर सावलीची कडा राहिली नाही, नखातला रंगसुद्धा दिसते.

एकच राहिलं. काका, मंडईच्या रात्री मला प्रॉम्प्टरजवळ बसता येईल का? फोन हातात राहील, मधे बोलणार नाही.

वडस्याचा ऑर्गनवाला

कंपनीच्या मालकाशी बोललो, हो म्हणाले. विंगेत उजव्या बाजूला बसायचं, पडद्याच्या दोरीला हात लावायचा नाही, फोनचा उजेड बंद. पहिला अंक पाहून घे, दुसऱ्यात शूट कर, तिसऱ्यात सगळे थकलेले असतात तेव्हा प्रॉम्प्टरचा आवाज थोडा वाढते, तुझं काम तिथे होईल. आजीला सोबत आण, तिला समोर खुर्ची ठेवतो. दोघींसाठी शाल घे, पहाटे चारला मंडपात लय थंडी पडते.