एंडलर आणि गप्पी एकाच टाकीत, पिल्लं शुद्ध धरायची का?

कोथरूडची_टाकी
नमस्कार मंडळी. माझ्या दोन फुटी टाकीत मोठ्या शेपटीचे गप्पी आहेत. दिवाळीत मित्राकडून एंडलरची (गप्पीच्या जवळची, छोट्या माशांची जात) जोडी आणली आणि त्यातच सोडली. आता एंडलर मादीने पिल्लं टाकलीत. ही शुद्ध म्हणायची का? शिवाय मला एंडलरचा तो हिरवा-काळा रंग गप्पीच्या शेपटीसोबत हवा आहे. क्रॉस कसा करू? पालिकेचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी आहे.

मासेप्रेमी_हडपसर
शुद्ध धरू नका. दोघांचं सर्रास जुळतं, आणि त्यांच्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात.

धायरीची_गच्ची
मादी एकदा नराजवळ राहिली की त्याचं वीर्य पोटात महिनोन् महिने साठवते. पुढे नर नसला तरी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं टाकत राहते. एकाच वेळच्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. त्यामुळे तुमची काही पिल्लं मित्राकडच्या एंडलरची असतील, काही गप्पीची. माद्यांवर रंग जवळजवळ नसतोच, तेव्हा नुसत्या नजरेने निवडता येणार नाही. ही सगळी पिल्लं 'मिश्र' म्हणूनच वेगळी वाढवा.

आता क्रॉसबद्दल. सगळं अडतं ते कोऱ्या मादीवर, म्हणजे नराजवळ कधीच न गेलेल्या. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की रोज टॉर्च लावून पोटाखालचा मागचा पर बघा. ज्याचा पर निमुळता, काडीसारखा होऊ लागला तो नर, त्याला त्याच दिवशी उचला. इथे 'उद्या बघू' चालत नाही.

नराचे बरेचसे रंग बापाकडून थेट मुलाकडे जातात, कारण ते वाय गुणसूत्रावर, म्हणजे फक्त नरात असणाऱ्या गुणसूत्रावर असतात. गप्पीत हे विंगे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवलं. २००५ मध्ये एंडलरला पोएसिलिया विंगेई हे नाव मिळालं ते त्याच्यावरूनच. म्हणून नर एंडलर घ्या आणि मादी तुमच्या गप्पींतली कोरी. पहिल्या पिढीत शेपटी मनासारखी येणार नाही, निराश होऊ नका. त्यातला रंगाने सर्वांत चांगला नर परत कोऱ्या गप्पी मादीला द्या, पुढच्या पिढीतही तेच. बापाचा रंग टिकतो आणि बाकी अंग गप्पीकडे सरकत जातं. प्रत्येक टाकीवर चिठ्ठी हवी: आई कोण, बाप कोण, जन्मतारीख.

एक कळकळीने सांगते. शुद्ध एंडलरची एक जोडी मित्राकडून पुन्हा मागून घ्या आणि ती टाकी कायम वेगळी ठेवा. एंडलर मुळात व्हेनेझुएलातल्या कुमानाजवळच्या पाण्यातला मासा, त्याचं घर छोटं आहे. छंद करणाऱ्यांनीच भेसळ केली तर शुद्ध ओळ कुठून आणायची? मिश्र पिल्लं देताना 'एंडलर' म्हणून देऊ नका, 'गप्पी-एंडलर क्रॉस' असंच सांगा. आणि जास्त झाली म्हणून मुठा नदीत किंवा विहिरीत मुळीच सोडू नका.

पाणी: पिल्लं टाकणाऱ्या माशांना थोडं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी मानवतं. पालिकेचं धरणाचं पाणी त्या मानाने मऊ, म्हणून माझ्या टबांत त्यात थोडं बोअरचं मिसळते. नळाच्या पाण्याचा क्लोरीन काढूनच घाला. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री गार असतात, हीटर २५ अंशांवर ठेवा.

मासेप्रेमी_हडपसर
ताई, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या पिल्लं टाकणाऱ्या दुसऱ्या दोन जातींचंही असंच का? माझ्याकडे काळ्या ठिपक्यांची प्लॅटी आहे.

धायरीची_गच्ची
जुळतात, आणि दुकानातल्या बऱ्याच रंगीत प्लॅटी-स्वोर्डटेलमध्ये एकमेकांचं रक्त मिसळलेलंच असतं. पण काळ्या ठिपक्यांच्या प्लॅटीचा क्रॉस पुन्हा स्वोर्डटेलशी लावला तर काही पिल्लांना काळ्या गाठी, म्हणजे मेलॅनोमा (त्वचेचा कर्करोग) होतो. गॉर्डन आणि कॉसविग या शास्त्रज्ञांनी हे जवळपास शंभर वर्षांपूर्वी नोंदवलं आणि कर्करोगाच्या अभ्यासात ते मासे वापरले गेले. निव्वळ रंगासाठी माशांना हा त्रास देऊ नका. दोन्ही जाती वेगळ्या ठेवा.

कोथरूडची_टाकी
धन्यवाद ताई. कोऱ्या माद्यांसाठी एक फुटाची टाकी पुरेल?

धायरीची_गच्ची
आठ-दहा छोट्या माद्यांना सध्या पुरेल. स्पंज फिल्टर लावा, जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड) भरपूर घाला आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नर उचलायची जाळी मात्र बारीक घ्या.